डावी, एकतीस टक्के

२ फेब्रुवारी

चि. खारू,

आशीर्वाद आहेतच, घ्यायचे की नाही ते तू ठरव. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. पत्ता तुझ्या बाबांकडून काढला. तुम्ही बापलेक दर रविवारी फोनवर बोलता आणि मी खोलीत आले की ते 'राँग नंबर' म्हणून ठेवून देतात, हे मला चार वर्षांपासून माहीत आहे. चार वर्षं, दर रविवारी, तोच राँग नंबर. मी फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज तर न वाचताच पुसत असशील. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो, म्हणून पत्र.

कारण एवढंच की येत्या आठ तारखेला माझं ऑपरेशन आहे. डाव्या किडनीचं. तू यावंस म्हणून कळवत नाहीये. उद्या कुणी म्हणायला नको की आईनं साधं सांगितलंसुद्धा नाही.

झालं असं. क्रेनचं लायसन नवं करायला दर वर्षी तपासणी असते ती तुला ठाऊक आहे. डोळे, कान, रक्तदाब, झालं. सव्वीस वर्षं मी ती हसत हसत पार केली. यंदा कंपनीनं नवी डॉक्टरीण आणली, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिनं सगळ्यांना सोनोग्राफी लावली. त्याला म्हणे दीड लिटर पाणी पिऊन, लघवी तुंबवून बसायचं. आणि हे कुणाला सांगतेय, तर मला. सगळी साइट जिला उंटीण म्हणते तिला. मी म्हटलं, "बाई, मी सकाळी अर्धा कप चहा पिऊन साठ मीटर शिडी चढते ती दुपारी दोनला उतरते. मधे थेंब नाही." ती म्हणाली, "मावशी, इथे विक्रमाचं बक्षीस नाही. प्या."

प्यायले. अर्ध्या तासात डाव्या कुशीत अशी कळ उठली की खुर्चीवरून खाली बसले आणि बसल्या जागी आडवी झाले. रांगेतले सळया बांधणारे, सुतार, वेल्डर सगळे बघत होते. मला लोळताना बघायला मिळेल असं त्यांच्या बापजन्मात वाटलं नसेल. फोरमन पाण्याचा ग्लास घेऊन धावला. त्याला म्हटलं, बाबा रे, पाणी नको, पाण्यानंच घात केलाय.

तर दोष असा आहे. किडनीतून लघवी खाली नेणारी जी नळी, तिचं सुरुवातीचं तोंडच जन्मापासून अरुंद, त्यात एक रक्तवाहिनी तिच्यावर आडवी गेलेली. थोडं पाणी असलं तर कसंबसं झिरपतं. जास्त झालं की तुंबतं, किडनी फुगते आणि मग ती फुगलेली किडनी आपल्याला ओळख दाखवते. त्यानंतर एक स्कॅन केला. शिरेतून औषध सोडतात, मशीनखाली निजवतात आणि कुठली किडनी किती काम करते ते सांगतात. दोघींचं मिळून शंभर धरलं तर माझी डावी बावीस, बाकीचं सगळं उजवी ओढतेय, तीही कुरकुर न करता.

मोठे सर्जन म्हणाले, "काढून टाकली तरी माणूस एकीवर जगतो. वाचवायची तर अरुंद तुकडा कापून नळी पुन्हा जोडावी लागेल. बावीस टक्के म्हणजे वाचवण्यासारखी आहे, पण ठरवायचं तुम्ही." मी म्हटलं, "जोडा. सव्वीस वर्षांत मी कुणाची वीटसुद्धा खाली पाडली नाही, स्वतःची किडनी कुठे टाकून देऊ."

काळजी करू नकोस. म्हणजे करत असशील तर.

तुझी आई


१४ फेब्रुवारी

चि. खारू,

ऑपरेशन झालं. पायलोप्लास्टी म्हणतात त्याला. मी ते नाव सर्जनकडून तीनदा म्हणून घेतलं, माझ्या पोटात काय झालं ते मला नीट उच्चारता आलं पाहिजे. पोटाला तीन भोकं, त्यातून दुर्बीण आणि दोन बारीक हत्यारं. सर्जन बाजूला एका टेबलाशी बसून पडद्यावर बघत दोन दांडे हलवतो आणि आत काम होतं. मी त्याला म्हटलं, म्हणजे तुम्ही आमच्या क्रेनवाल्यांतलेच की. तो खूप हसला. नळी कापली, रक्तवाहिनीच्या पुढून आणली, रुंद करून शिवली. टाके केसाएवढ्या दोऱ्याचे. साडेतीन तास. असं काम करणाऱ्या माणसाला मी मानते.

दुसऱ्या दिवशी उठवून चालवलं. शेजारच्या खाटेवरची बाई एका खेपेला थांबली, मी वॉर्डच्या टोकापर्यंत तीन खेपा घातल्या. नर्स म्हणाली, "आजी, शर्यत नाहीये." आजी म्हणाली मला. तिला माफ केलं, कारण इंजेक्शन छान देते.

खरी शिक्षा घरी आल्यावर. रोज तीन लिटर पाणी. तुझे बाबा बाटलीवर रेघा मारून बसलेत, दर तासाला येऊन बघतात. पोस्टात पत्रं वाटणाऱ्या खात्यात सारा जन्म गेला त्यांचा, वेळेवर न पोचलेलं त्यांना खपत नाही. म्हणाले, "आजवर उंटावरून शेळ्या हाकल्यास, आता खाली बस आणि पाणी पी." चांगलं सुचलं म्हणून दोन दिवस स्वतःवर खूश आहेत.

बाटली समोर ठेवून बसले की विचार येतात. लहानपणी शर्यत लावून आम्ही बहिणी पाणी प्यायचो तेव्हा मलाच कुशीत दुखायचं. म्हणून मी पाणी कमी केलं. कमी केलं म्हणून दुखायचं थांबलं. पुढे क्रेनवर चढले तेव्हा बाकीचे पुरुष दर दोन तासांनी खाली उतरायचे, चढा-उतरायला अर्धा तास, तेवढा वेळ काम ठप्प. मी उतरायचे नाही. फोरमन लोकांना माझं उदाहरण द्यायचा. बायकांना हे जमत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं मी त्या एका गोष्टीनं बंद केली. आता कळतंय की तो माझा गुण नव्हताच, दुखणं होतं. सव्वीस वर्षं मी दुखण्याची शाल पांघरून मिरवत होते.

सर्जननं सुटी देताना विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास? बहुतेक वेळा एकट्यालाच असतो, पण कधी कधी घरात दुसऱ्यालाही निघतो." मी म्हटलं, नाही, कुणालाही नाही.

खारू, क्रेनवर तुझा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी तू किती पाणी प्यायली होतीस?

तुझी आई


२५ मार्च

चि. खारू,

दोन पत्रांना उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलेलं नाही म्हणजे हातात पडलंय, एवढं पोस्टातल्या माणसाची बायको म्हणून मला समजतं.

काल स्टेंट काढला. शिवलेली नळी आत नीट जुळून यावी म्हणून सहा आठवडे एक बारीक प्लास्टिकची नळी आत ठेवतात, ती. ती आत असताना दर वीस मिनिटांनी पळावं लागायचं. आख्खी शिफ्ट एका जागी बसणारी तुझी आई बाजारात शौचालयं कुठे कुठे आहेत ते पाठ करून निघायची. बघितलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. आता थट्टा पुरे.

पुढचं वाक्य मी तीनदा खोडलंय, म्हणून पहिल्या तिन्ही कागदांचा बोळा झाला. सर्जननं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले ते खोटं होतं. म्हणताना मला तू डोळ्यांसमोर दिसत होतीस.

त्या दिवशी स्लॅब होता. तू वीस वर्षांची, दुसऱ्या क्रेनवर तिसरा महिना. ऊन मी म्हणत होतं आणि सुरक्षा अधिकाऱ्यानं प्रत्येकाला बाटलीभर पाणी संपवायला लावलं होतं. मी माझं ओतून दिलं, तू प्यायलीस. अकराच्या सुमारास वॉकी-टॉकीवर तुझा आवाज आला, "मला खाली यायचंय. कुशीत खूप दुखतंय." सगळी साइट ऐकत होती. मी माझ्या केबिनमधून म्हणाले, "थोडी कळ काढ. माझी मुलगी आहेस." तू वीस मिनिटं कळ काढलीस. मग काँक्रीटची बादली अलगद जमिनीवर टेकवलीस, हूक मोकळा केलास, क्रेन बंद केलीस आणि उतरलीस. काम चाळीस मिनिटं खोळंबलं. दुपारी मी खाली आले तेव्हा तू सावलीत बसली होतीस, दुखणं थांबलेलं, चेहरा पांढरा. मी शंभर माणसांदेखत म्हणाले, "नाजूकपणा करायचा तर घरी बस." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही याचासुद्धा मला राग आला होता.

ते तुला आठवत असणारच. तुला माहीत नाही ते आता सांगते. तुझ्या शिकाऊ फॉर्मवर 'अपात्र, सहनशक्ती कमी' असा शेरा पडला. मी तुला सांगितलं की तो फोरमननं दिला, त्याच्यापुढे माझं काही चाललं नाही. फोरमन तर तुला महिनाभर सुटी देऊन परत घ्या म्हणत होता. शेरा मी दिला. तुझी प्रशिक्षक मीच होते, सही माझी होती. लोक म्हणाले असते उंटिणीनं पोरीला पाठीशी घातलं. ते मला सोसलं नसतं. तुझं नुकसान सोसलं.

मी चुकले, खारू. तुला दुखत असताना मी त्याला नाजूकपणा म्हणाले, आणि तुझं दुखणं खरं होतं. मला माफ कर असं म्हणायला फार उशीर झालाय, तरी म्हणते.

माफी नंतर दे, नाहीतर देऊ नकोस. पण सोनोग्राफी करून घे. भरपूर पाणी पिऊन जा आणि दुखायला लागलं तर तसंच डॉक्टरला सांग, दात-ओठ खात बसू नकोस. माझी बावीसवर आली तोवर मला पत्ता नव्हता. तुझी किती उरली असेल या विचारानं मला घास जात नाही.

तुझी आई


१५ एप्रिल

चि. खारू,

तुझं कार्ड आलं. "स्कॅन केला. डावी. एकतीस टक्के. ऑपरेशन करायला सांगितलंय." चार वर्षांनी मुलीनं चार वाक्यं लिहिली आणि त्यात एक शब्द जास्तीचा नाही. तुझे बाबा रडले. मी नाही रडले, मी आधी आकडा बघितला. एकतीस. माझ्यापेक्षा नऊनं जास्त. इथेही मला मागे टाकलंस. मग मोरीत जाऊन रडले, ते सांगायचं नव्हतं पण आता या पत्रांत लपवायचं नाही असं ठरवलंय.

चार वर्षांपूर्वी तुला डॉक्टरकडे नेलं असतं तर एकतीस नसती, चाळीस असती, कदाचित अधिक. हे मी सर्जनला विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चांगला माणूस आहे, म्हणून तसं म्हणाले.

दुसरी गोष्ट. मी कंपनीच्या प्रशिक्षण खात्यात गेले. तुझा फॉर्म काढायला लावला आणि त्यावर लिहिलं, 'हा शेरा चुकीचा होता. प्रशिक्षणार्थीनं दुखत असताना भार सुरक्षित खाली टेकवला, क्रेन बंद केली आणि मग उतरली. नियमाप्रमाणे हेच करायचं असतं. ती पात्र होती.' खाली सही, तारीख. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, चुकीचा शेरा दिल्याचं तुम्हीच लेखी देताय. मग तुमचं नाव प्रशिक्षकांच्या यादीतून काढावं लागेल. साइटवरची पोरं बोलतील." मी म्हटलं, "काढा. पोरं बोलायला मोकळी आहेत, मीच कुणाला सोडलंय आजवर."

बाहेर आले. तुला सांगते, पहिल्यांदा एकटीनं साठ मीटर चढले होते त्या दिवशीसुद्धा माझी मान इतकी ताठ नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा पीळ गेलेला नाही. आता तो तुझ्या बाजूनं आहे. फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.

ऑपरेशन कधी ते कळव. मी यायचं की नाही तेही.

तुझी आई


२० मे
ऑपरेशन थिएटरबाहेरचा बाक

खारू,

तू लिहिलं होतंस, "वीस तारखेला सकाळी आठला. बाबांना पाठव. तू आलीस तरी चालेल, पण बोलू नकोस. शेऱ्याचं वाचलं. मला त्याची गरज नव्हती, तरी फॉर्म ठेवलाय." गरज नव्हती हे वाचून मला लागलं होतं. तरी आले. काल संध्याकाळपासून मी एक शब्द बोललेली नाही. तू दोनदा चोरून माझ्याकडे बघितलंस, बाबांनी तर माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. बोलायचं नाही म्हणून लिहितेय. लिहायची मनाई नव्हती.

सात पन्नासला तुला आत नेलं. स्ट्रेचर नको म्हणालीस आणि चालत गेलीस. मागून तुझी चाल बघितली. शिडी चढणाऱ्या माणसाची चाल असते तशी आहे अजून, टाच न टेकता. मी मनात म्हटलं, गोदामात खोकी बांधणाऱ्या मुलीची ही चाल कशी राहिली. कारण बाबांनी मला तेवढंच सांगितलं होतं, बंदराजवळ एका गोदामात पॅकिंगला आहे.

साडेनऊच्या सुमारास नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस फळांची पिशवी घेऊन आला. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, गळ्यात शिट्टी. म्हणाला, "मी खालून सिग्नल देतो. आमच्या क्रेनवाल्या मॅडमचं ऑपरेशन इथेच ना?" मी बाबांकडे बघितलं. बाबा भिंतीवरच्या नोटिशीकडे बघू लागले, ती नोटीस सकाळपासून त्यांनी सहा वेळा वाचली असेल. म्हणजे राँग नंबरवर हेही ठरलं होतं.

बोलू नकोस तू म्हणाली होतीस, पण ते तुझ्याशी. त्या माणसाला मी विचारलं, "कुठल्या क्रेनवर?" तो म्हणाला, "धक्क्यावरच्या मोठ्या क्रेनवर, जहाजातून कंटेनर उतरवते ती. दोन वर्षं झाली. कुणाच्या ओळखीनं आली नाही हो, नव्यानं शिकली, परीक्षेत पहिली आली." मी बाकाची कड धरून ठेवली होती.

त्यानं मग तुझी गोष्ट सांगितली. तुझा पहिलाच आठवडा, जहाज धक्क्याला लागलेलं, बंदराचे साहेब घड्याळ बघत होते आणि दोन तास होताच तू कंटेनर खाली टेकवून उतरू लागलीस. साहेब ओरडले, जहाज खोळंबलंय. तू शिडीवरूनच म्हणालीस, "जहाज खोळंबेल. माझ्या हातून सुटलेला कंटेनर खोळंबणार नाही." तू खाली आलीस, पंधरा मिनिटं बसलीस, परत चढलीस. त्या महिन्यात सगळ्यात जास्त कंटेनर तू उतरवलेस. आता तिथल्या सगळ्या ऑपरेटरांना दर दोन तासांनी खाली उतरायचा नियम आहे आणि लोक त्याला तुझ्या नावानं ओळखतात. तो माणूस म्हणाला, "माझा भाचा पलीकडच्या क्रेनवर आहे. मॅडममुळे जेवायच्या वेळेला जेवतो."

खारू, मी सव्वीस वर्षं न उतरून नाव कमावलं. तू उतरून कमावलंस. कुठलं अवघड, हे मला विचार. मला एकदाही जमलं नाही.

दहा चाळीसला तुझी सर्जन बाहेर आली. हीही एक मुलगीच, टोपी तशीच डोक्यावर. म्हणाली, "छान झालं. आतमध्ये रक्तवाहिनी आडवी होती, ती मागे टाकून नळी पुढून जोडली. जोडल्याबरोबर लघवी मोकळी वाहू लागली. किडनी वाचली आहे, आणि तरुण वय आहे, सुधारेलही." बाबा तिचे दोन्ही हात धरून उभे राहिले, सोडेचनात. मी गेल्या आठवड्यात माझा स्कॅन केला तेव्हा माझी चोवीस निघाली, त्याचा मला आनंद झाला होता. तुझं ऐकून जो झाला तो सांगायला मला शब्द नाहीत, आणि शब्द नाहीत असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही.

तुला अजून अर्ध्या तासानं बाहेर आणतील. तो माणूस अजून बाकावर बसला आहे, तुला बघूनच जाईन म्हणतो. मघाशी मला क्रेन म्हणजे काय ते समजावत होता. काचेची केबिन असते, दोन दांडे असतात, वारा आला की सगळं हलतं, खालची माणसं एवढीशी दिसतात. मी सगळं ऐकून घेतलं, मधे तोंड घातलं नाही. बाबा मला कोपर मारत होते, सांग ना, सांग ना म्हणून. शेवटी त्या माणसानं विचारलं, "तुम्हालाही यातलं थोडंफार कळतं की काय? फार लक्ष देऊन ऐकताय." मी म्हटलं, "नाही हो. मी फक्त तिची आई आहे."

तुझी आई